नोझल कितीचं लावू, मामा?

(गॅस वेल्डिंगवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका. आकृत्या छापलेल्या नाहीत. वर्कशॉपच्या भिंतीवरचा तक्ता पाहावा, काजळीतून दिसत असल्यास.)

पात्रता

उमेदवाराला दोन डोळे, दोन हात आणि बोलणी खाण्याची तयारी असावी. आयटीआयमधला वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो. तो झालेला असेल तर उत्तमच, पण वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी ही गोष्ट बोलून दाखवू नये. बोललात, की मिस्त्री गालात हसून वीस गेजच्या पत्र्याचे दोन तुकडे तुमच्यासमोर टाकतील आणि बाकीची मंडळी हातातलं काम सोडून बघायला येतील. वीस गेज म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. असा पत्रा जोडणं ही विद्या. त्याला भोक पाडणं ही रीतसर सुरुवात.

मिग आणि टिग आल्यापासून गॅस वेल्डिंग संपलं, असं सांगणारा पाहुणा अधूनमधून येतो. त्याच्याशी वाद घालू नये, चहा द्यावा. त्याच्या एसीची गळकी तांब्याची नळी आणि गाडीचा फुटका सायलेन्सर कधी ना कधी याच ज्योतीखाली येणार आहे.

बाटल्यांची ओळख

काळा बाटला ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. ‘तो बाटला आण रे’ म्हटल्यावर कुठला, हे विचारायचं नसतं. ऑक्सिजनच्या जोडणीचे आटे उजवे, ॲसिटिलीनचे डावे, आणि डाव्या आट्याच्या नटाला कोपऱ्यांवर खाचा. एकाची नळी चुकूनही दुसऱ्याला बसू नये म्हणून ही सगळी योजना. ज्यांनी ती केली त्यांना नवशिक्यांची पुरेपूर कल्पना असावी; फक्त पान्याला पाइप घालून डावा नट उजवीकडे आवळणारे वीर निघतील, एवढी नसावी.

ऑक्सिजनच्या आट्याला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. ‘जरा जड फिरतोय’ म्हणून एक थेंबसुद्धा नाही, आणि ग्रीसच्या हाताने रेग्युलेटर धरायचाही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घ्यायला काडीची वाट बघत नाहीत. तसंच ॲसिटिलीनची फाटलेली नळी जोडायला एसीवाल्याकडून तांब्याच्या पाइपचा तुकडा आणू नये. तुकडा अगदी मापात बसतो, हीच त्यातली वाईट गोष्ट. तांबं आणि ॲसिटिलीन यांच्यापासून नळीच्या आत असा क्षार तयार होतो, की तो नुसत्या धक्क्याने फुटतो. या परिच्छेदात विनोद शोधू नये.

ॲसिटिलीनचा स्वभाव मुळातच विचित्र. मोकळं असताना त्याला चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर दाबलं, तर हवा नसली तरी ते स्वतःच फुटू शकतं. म्हणून मरून बाटल्यात आधी सच्छिद्र भराव, भरावात मुरवलेलं ॲसिटोन आणि ॲसिटोनमध्ये विरघळवलेला गॅस, असा सगळा संसार असतो. बाटला उभाच ठेवायचा तो यासाठी. आडवा पाडून वर बसून डबा खाल्लात, तर ॲसिटोन नळीत यायला मोकळं. असा भराव सुधारणाऱ्यांतला एक मोठा माणूस म्हणजे स्वीडनचा इंजिनियर गुस्ताफ दालेन. दीपस्तंभांचे गॅसवरचे दिवे आपोआप चालवणाऱ्या त्याच्या यंत्रणेला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या बाटल्यांची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले, आणि पारितोषिक घ्यायला त्याच्या भावाला जावं लागलं. या गॅसबद्दल जगात ज्याला सर्वांत जास्त कळत होतं, त्याची ही कथा. तुम्ही तर सोमवारपासून कामाला लागलात.

नोझलची निवड: प्रचलित पद्धत

कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून पुण्याच्या भोसरीपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, प्रचलित पद्धत एकच. ब्लोपाइपला जे नोझल आधीच लावलेलं आहे, तेच योग्य नोझल. ते काल कुणी लावलं, कशासाठी लावलं, हे विचारणं म्हणजे कालच्या माणसावर अविश्वास. कालचा माणूस ट्रकची चासी तापवत होता आणि तुम्हाला टिफिनच्या डब्याची कडी बसवायची आहे, हा तपशील गौण.

नोझलचा डबा भिंतीला खिळ्यावर असतो. त्यात एक, दोन, तीन, पाच, सात, दहा, तेरा, अठरा, पंचवीस, पस्तीस अशी चढती भाजणी असते, निदान बिलावर तरी. प्रत्यक्षात एक नंबरचं नोझल कोरं करकरीत सापडतं, सात नंबरचं झिजून तेरा झालेलं असतं, आणि पाच नंबरचं कोण घेऊन गेलं यावरून दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

हे आकडे आले कुठून? या ब्रिटिश वळणाच्या मालिकेत नोझलचा नंबर म्हणजे त्यातून तासाला साधारण किती घनफूट ॲसिटिलीन जातं तो आकडा. सात नंबरमधून सात घनफूट, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास. अमेरिकी बनावटीच्या टिपांचे नंबर वेगळ्याच हिशोबाचे असतात, त्यामुळे मालकांच्या भाच्याने परदेशातून आणलेल्या टॉर्चच्या बाबतीत ही मार्गदर्शिका गप्प बसेल. त्याच्यासोबत आलेला तक्ता वाचा. तो नेहमी खोक्याच्या तळाशी असतो आणि खोकं नेहमी टाकून दिलेलं असतं.

आपल्या मालिकेत मात्र एक गंमत आहे, आणि नवशिक्या तिथेच हमखास आपटतो. पत्रा मागायचा गेजमध्ये. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. नोझलचा आकडा वाढला की ज्योत मोठी. म्हणजे दोन आकडे एकमेकांकडे पाठ करून चालतात. वीस गेजला एक नंबर, अठराला दोन, चौदाला तीन, बाराला पाच, दहाला सात, आठ गेजला, म्हणजे चार मिलिमीटरला, दहा नंबर. एवढी ओळ पाठ करा आणि बाकीचं पुस्तक झाकून ठेवा. ती पाठ नसली की संवाद असा होतो:

‘मामा, नोझल कितीचं लावू?’

‘काय जोडायचंय?’

‘पत्रा.’

‘पत्रा हाय ते दिसतंय मला. किती गेजचा?’

‘अठराचा असंल.’

‘असंल म्हंजे? गेजची चकती काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलीया?’

‘मग अठरा नंबर लावू?’

यानंतर मामा जे बोलले ते छापता येत नाही. अठरा गेजच्या पत्र्यावर अठरा नंबरचं नोझल धरलं, तर जोड पडत नाही. पत्राच पडतो, खाली, थेंबाथेंबाने.

‘नोझल मोठं आहे, पण मी गॅस कमी सोडतो ना!’

हे वाक्य प्रत्येक नवशिक्या उच्चारतो आणि या मार्गदर्शिकेचा खरा झगडा त्याच्याशीच आहे. पंगतीत तूप वाढायला पळी घेऊन यावं आणि ‘थोडंच सांडतो’ म्हणून ती तिरकी करत बसावं, तसला हा प्रकार. पळी तिरकी करण्याचं कौशल्य कुणाच्या अंगी असेलही, पण चमचा दोन हातांवर असताना ते दाखवायचं कशाला?

कारण साधं आहे. ज्योत नोझलच्या तोंडावर उभी राहते ती दोन वेगांच्या तडजोडीवर. मिश्रण बाहेर धावतंय आणि आग त्यात मागे शिरू बघतेय. मोठ्या भोकातून थोडासा गॅस सोडला की मिश्रण रेंगाळतं, आगीचा वेग वरचढ होतो, नोझल तापतं आणि ‘फट्’ करून ज्योत आत. त्या आवाजाने तुम्ही दचकता, हात हलतो, वितळलेलं डबकं उडतं आणि पलीकडचा ग्राइंडरवाला हसतो. उलट, लहान नोझलमधून जोर काढायचा म्हणून दाब चढवला, तर ज्योत कडक होते, फुत्कारते आणि वितळलेला धातू फुंकून बाजूला सारते. म्हणून उष्णता जास्त हवी तर एक नंबर वर जा, कमी हवी तर एक नंबर खाली या. नॉब आहे तो ज्योत जुळवायला, नोझलची चूक झाकायला नव्हे.

दाबाचंही तसंच. दहा नंबरपर्यंतच्या नोझलना दोन्ही गॅसचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.१५ किलोच्या आसपास पुरतो. काटा जेमतेम जागचा हलतो. तो हललेला दिसावा म्हणून आणखी एक फेरा देण्याचा मोह होतो. काटा दाखवण्यासाठी पगार मिळत नाही.

फार मोठं नोझल लावायची हौस असलेल्यांना बाटलाच आवर घालतो. विरघळलेला गॅस ॲसिटोनमधून सावकाशच निघतो. जुना नियम असा, की तासाला बाटल्यातल्या गॅसच्या एक सप्तमांशाहून जास्त ओढू नये. सहा घनमीटरचा बाटला धरला तर साडेआठशे लिटर. पस्तीस नंबरचं नोझल मागतं हजाराच्या घरात. म्हणजे एका बाटल्यावर पस्तीस नंबर लावून दुपारभर शायनिंग मारलीत, तर गॅससोबत ॲसिटोनही ओढलं जाणार, ज्योतीचा रंग बिघडणार आणि ‘यावेळी बाटला हलका आला’ म्हणून पुरवठादाराला फुकटच्या शिव्या बसणार.

ज्योत पेटवणे

पायरी पहिली: दोन्ही नळ्यांतून एकेक करून थोडा गॅस सोडून आत साचलेली हवा किंवा मिश्रण काढून टाका.

पायरी तिसरी: पेटवा.

पायरी दुसरी, जी तिसरीनंतर आठवते: चष्मा. पाच नंबरच्या शेडची हिरवी काच कपाळावर चढवून ठेवल्याने डोळ्यांचं रक्षण होत नाही. मिस्त्रींच्या कपाळावर ती असते हे खरं, पण मिस्त्रींना वाचायला आता भिंगाचा चष्माही लागतो.

पेटवायला स्पार्क लायटर वापरा. काडी, विडी, शेजारच्याची पेटती टॉर्च आणि ‘तो लालभडक जॉब आहे ना, त्यावरच धर’ ही चार पारंपरिक साधनं आहेत. चारही वापरणाऱ्यांच्या मनगटावर केस नसतात, बघून घ्या.

आधी फक्त ॲसिटिलीन, पाव फेरा. पिवळी, लोंबती ज्योत येते आणि तिच्या शेंड्यातून काजळीचे काळे धागे सुटतात. ते वर जाऊन पुन्हा खाली येतात, आणि बरोबर पांढरा शर्ट घालून पाहणीला आलेल्या मालकांच्या खांद्यावर बसतात. घाबरून नॉब बंद करू नका, उलट हळूहळू वाढवा. एका ठिकाणी काजळी थांबते. त्या नोझलला ॲसिटिलीन तेवढंच लागतं. आणखी वाढवलंत तर ज्योत नोझल सोडून पुढे जाऊन उभी राहते, तेव्हा जरा मागे या.

आता ऑक्सिजन. इथे घाई करणारा फसतो, कारण बघण्यासारखं जे आहे ते याच पाच-दहा सेकंदांत. पिवळेपणा जातो आणि ज्योतीचे तीन थर दिसू लागतात: नोझलच्या तोंडाशी झळझळीत पांढरा सुळका, त्याच्याभोवती फिकट हिरवट पांढरं, कडा विस्कटलेलं पीस, आणि बाहेर निळसर झगा. पीस दिसतंय तोवर ॲसिटिलीन जास्त आहे. ऑक्सिजन किंचित किंचित वाढवत जा, पीस आखडत सुळक्याकडे सरकतं. ज्या क्षणी ते सुळक्यात मिसळून जातं आणि सुळक्याचं टोक गोलसर, स्वच्छ कडेचं दिसतं, तिथे थांबा. ही न्यूट्रल ज्योत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात नॉब इतका कमी फिरलेला असतो, की फिरला की नाही अशी शंका यावी. फिरलेला असतो.

सुळक्याच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरवर सर्वांत जास्त उष्णता, ३१०० अंश सेल्सिअसच्या आसपास. पोलाद पंधराशेच्या आसपास वितळतं, म्हणजे मार्जिन भरपूर आहे. सुळका पत्र्यात खुपसायची गरज नाही. खुपसणारे खुपसतातच.

आणखी ऑक्सिजन दिला तर सुळका आखूड आणि टोकदार होतो आणि ज्योत सुसू करू लागते. ही ऑक्सिडायझिंग. आवाज मर्दानी असल्यामुळे नवशिक्यांना हीच आवडते. पोलादावर ती धरलीत तर डबक्याला फेस येतो, ठिणग्या उडतात, आणि जोड देखणा दिसला तरी ठिसूळ होतो. हातोडीचा एक टोला बसला की कळतं. हिचा खरा उपयोग पितळेला. पितळेतलं जस्त उकळून पांढऱ्या धुराने निघून जाऊ लागतं, पण ऑक्सिजन जरा जास्त असला की वर ऑक्साइडची साय धरते आणि जस्त आत राहतं. सायलेन्सर किंवा सायकलच्या फ्रेमला पितळी जोड देणारे कारागीर टाकणखाराच्या डब्यात तापली सळई बुडवतात आणि ज्योतीला ऑक्सिजनचा हलकासा जादा हात देतात. त्यांना विचारलं तर ऑक्सिडायझिंग वगैरे काही सांगणार नाहीत. ‘जरा तिखट ठेवायची’ एवढंच म्हणतील, आणि ते बरोबर असतं.

पीस शिल्लक ठेवलेली कार्बुरायझिंग ज्योत झिजणाऱ्या भागांवर कठीण धातूचा थर चढवणाऱ्यांसाठी. साध्या पोलादावर तिने कार्बन शिरतो, डबकं उकळल्यासारखं होतं, थंड झाल्यावर पृष्ठभागावर खळगे. तुमचा तिच्याशी संबंध नकळत येईल: नोझल तापलं की सेटिंग सरकतं आणि न्यूट्रलची कधी काय झाली ते तुम्हाला समजत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने जॉबवरून नजर काढून सुळका बघायचा. मिस्त्री बोलता बोलता हे करतात, म्हणून ते काही बघतच नाहीत असं वाटतं.

डबकं

ज्योत बरोबर आहे की नाही हे शेवटी डबकंच सांगतं. दहा गेजच्या पट्टीवर सात नंबर धरून थांबा. आधी लाल, मग नारिंगी, मग एक जागा ओली चमकू लागते आणि पसरत वाटाण्याएवढी होते. न्यूट्रल ज्योतीखाली ते शांत असतं, आरशासारखं, कडेला बारीक तवंग फिरत असतो. तेवढ्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या सळईचं टोक त्यात बुडवायचं, ज्योतीत नव्हे. ज्योतीत धरलेली सळई वितळून थेंब भलतीकडेच पडतो. ब्लोपाइप उजव्या हातात, साठ-सत्तर अंशांत. सळई डाव्या हातात, तीस-चाळीस अंशांत. आणि उजवीकडून डावीकडे सरकायचं. पाच मिलिमीटरपर्यंत हीच चाल. त्यापुढच्या जाडीला उलटी चाल असते, पण तोवर तुम्ही ही मार्गदर्शिका दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलेली असेल.

आवाज झाल्यास

एकदाच ‘फट्’ झालं तर नोझल डबक्याला टेकलं असेल, तोंडाशी ठिणगी चिकटली असेल, ते तापलं असेल, नाहीतर सैल असेल. बंद करा, गार होऊ द्या, साफ करा, पुन्हा पेटवा. साफ करायला नोझल क्लीनरच्या मापाच्या तारा मिळतात. स्कूटरच्या क्लच केबलचा तंतू मिळतो त्याहून सहज. मऊ धातूच्या भोकात तो पोलादी तंतू चार वेळा फिरवला की भोक तोंडाशी रुंद होतं, ज्योत तिरकी येते, आणि सात नंबर तेरा कसा झाला याचा उलगडा होतो.

फट् होऊन ज्योत दिसेनाशी झाली आणि ब्लोपाइपच्या आतून शिट्टी येऊ लागली, तर मिस्त्रींना हाका मारू नका. आग आत जळते आहे. आधी ऑक्सिजन बंद, लगेच ॲसिटिलीन बंद, मग हाका. अशी आग नळीतून बाटल्याकडे जाऊ नये म्हणून रेग्युलेटरला फ्लॅशबॅक अरेस्टर लावतात. तुमच्या वर्कशॉपमध्ये तो आहे का, हे बघायला आजचा दिवस चांगला आहे. कपाटात वेष्टनासकट ठेवलेला असेल, तर तो लावलेला धरत नाहीत.

बंद करणे

रोजच्या बंद करण्यात क्रम वेगळा: ब्लोपाइपवर आधी ॲसिटिलीन, मग ऑक्सिजन. मग दोन्ही बाटल्यांचे व्हॉल्व्ह. मग पुन्हा ब्लोपाइपचे नॉब एकेक करून उघडून नळ्यांतला गॅस सोडून द्यायचा आणि रेग्युलेटरचे काटे शून्यावर आले की त्यांचे स्क्रू सैल करायचे. सुट्टीची घंटा झाल्यावर हे सगळं फार लांबलचक वाटतं आणि नुसते नॉब बंद करून निघण्याची प्रथा आहे. तसे गेलात आणि एखादी नळी रात्रभर झिरपत राहिली, तर सकाळी दार उघडणाऱ्याच्या नाकाला लसणासारखा वास येईल आणि तुमचा फोन वाजेल. फोन मालकांचा असेल. त्या वेळेचा ओव्हरटाइम मिळत नाही.